सॅटिनची तुमान

मेलबर्नच्या मराठी माणसाला बॅलविन हे उपनगर माहीत असतं ते तिथल्या हायस्कूलमुळे. शाळेची हद्द नकाशावर आखलेली आहे. त्या रेषेच्या आत घर मिळावं म्हणून आपली माणसं दर शनिवारी घरांचे लिलाव ज्या निष्ठेने पालथे घालतात, तेवढ्या निष्ठेने पंढरपूरला गेली असती तर विठोबाने विटेवरून उतरून किल्ली हातात ठेवली असती. मंडळाच्या गणपतीत ‘कुठे राहता?’ या प्रश्नाला ‘बॅलविन’ असं उत्तर आलं की विचारणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. आम्ही सनशाइनला राहतो. आमच्यासमोर आवाज खाली आणायची वेळ अजून कुणावर आलेली नाही.

तर अशा या पुण्यक्षेत्राची 1974 साली पाच जणांनी चक्क गाणं रचून टिंगल केली होती, आणि तीही तोंडाला रंग फासून. गाण्याचं नाव ‘बॅलविन कॉलिंग’. बँडचं नाव स्कायहुक्स. ही माहिती मला मिळाली शेजारच्या आजोबांकडून. आजोबा निवृत्त ट्रामचालक. कुंपणावरून बोलतात, मोजकं बोलतात, आणि विषय तीनच : लिंबाचं झाड, फुटी (म्हणजे इथला फुटबॉल) आणि स्कायहुक्स. तिसरा विषय निघाला की मोजकेपणा संपतो. आमच्या घरात त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजत नाही.

“श्री,” ते म्हणाले (श्रीकांत हे नाव पूर्ण उच्चारणं ऑस्ट्रेलियन माणसाला उधळपट्टी वाटते), “आमच्या लहानपणी रेडिओवरची गाणी कुठली असायची ठाऊक आहे? टेक्सासची, मेम्फिसची, कॅलिफोर्नियाची. आम्ही ट्राममध्ये बसून कॅलिफोर्नियाला हळहळायचो. आणि एक दिवस हे पाच जण आले आणि लायगन स्ट्रीटवर गायला लागले. लायगन स्ट्रीट! अरे, तिथे मी गाडी चुकवायचो!”

मी आजोबांच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथे गाडी नाही. तिथे एक रेकॉर्ड प्लेयर आहे, दोन मोडक्या खुर्च्या आहेत आणि भिंतीवर पाच पुरुषांचा फोटो आहे. फोटोसमोर उदबत्ती तेवढी नाही. एकाच्या अंगात सॅटिनची तुमान, एकाच्या डोळ्यांभोवती सैतानासारखा रंग, बुटांच्या टाचा एवढ्या उंच की माणूस पडला तर विमा लागू व्हावा. माझी पहिली प्रतिक्रिया मध्यमवर्गीय होती, म्हणजे मी ‘छान’ म्हणालो. मग लक्षात आलं की मी कुणाचा पणतू आहे. माझ्या पणजोबांच्या पिढीने बालगंधर्वांसाठी नाटकाचे खेळ पहाटेपर्यंत जागवले. बायका त्या पुरुषाकडे बघून लुगडं नेसायची ढब शिकल्या. रंगवलेल्या पुरुषाला हसण्याचा अधिकार आमच्या घराण्याने केव्हाच गमावलेला आहे. त्यात या गायकाचं नाव ग्रेम स्ट्रॅकन, पण सगळा देश त्याला ‘शर्ली’ म्हणायचा. सोनेरी कुरळ्या केसांमुळे मित्रांनी त्याला शर्ली टेंपल या बालनटीचं नाव चिकटवलं होतं. आजोबा त्याला नुसतं ‘शर्ल’ म्हणतात.

हा शर्ल मूळचा सुतार. वेळ मिळेल तेव्हा समुद्रावर लाटांवर फळी चालवायची, नाहीतर लाकडावर रंधा. बँडचा आधीचा गायक स्टीव्ह हिल. जानेवारी 1974 मध्ये सनबरीच्या मोठ्या जलशात श्रोत्यांनी बँडला ओरडून मंचावरून घालवलं. पुढे हिलने तो कार्यक्रम टीव्हीवर पाहिला, आपलं गाणं ऐकलं, आणि फोन करून राजीनामा दिला. जगाच्या इतिहासात स्वतःचं गाणं ऐकून स्वतःच गेलेला असा प्रामाणिक गायक दुसरा सापडणं कठीण. आमच्या मंडळात हे रेकॉर्डिंग दाखवायची प्रथा पडली तर निम्मा कार्यक्रम वाचेल. हिलच्या जागी मार्चमध्ये सुतार आला.

गाणी बहुतेक ग्रेग मकेन्शची. तो बेस गिटार वाजवायचा आणि शहर न्याहाळायचा. कार्ल्टनचे विद्यार्थी, टूराकचे पैसेवाले, बॅलविनहून येणारा नकोसा फोन, सगळं त्याच्या वहीत. ‘लिव्हिंग इन द सेव्हंटीज’ ही तबकडी ऑक्टोबर 1974 मध्ये आली. निर्माता होता डॅडी कूल या बँडचा रॉस विल्सन. तबकडी काढली मशरूम रेकॉर्ड्सने, म्हणजे मायकेल गुडिन्स्कीच्या कंपनीने. कंपनी तेव्हा दोन वर्षांची होती आणि बुडायच्या बेतात होती. दहांपैकी सहा गाणी लावायला व्यापारी रेडिओ केंद्रांनी बंदी केली. कारण अर्थात चावट शब्द आणि नशापाण्याचे उल्लेख. आजोबा आजही बंदी घालणाऱ्यांचे मनापासून आभार मानतात. तबकडी 16 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. खप दोन लाखांच्या वर, तोवर कुठल्याही ऑस्ट्रेलियन बँडचा एवढा झाला नव्हता, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा 1 कोटी 40 लाखांच्या आत. मशरूम वाचली. वर 19 जानेवारी 1975 ला सिडनीत डबल जे हे तरुणांसाठीचं सरकारी रेडिओ केंद्र सुरू झालं, तेव्हा त्यांनी हवेत सोडलेलं पहिलं गाणं त्या सहांतलंच निवडलं. नाव इथे लिहीत नाही, माझी आई हे वाचते.

आईवरून आठवलं. आमच्या घरात दादा कोंडक्यांच्या गाण्यांवर अशीच बंदी होती. ‘सोंगाड्या’ आला 1971 साली, म्हणजे इकडे स्कायहुक्स जमायच्या दोन वर्षं आधी. दादांचे नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले आणि गिनेस बुकात गेले; सेन्सॉरवाल्यांना प्रत्येक वाक्याचा दुसरा अर्थ कळायचा आणि दादा निरागसपणे पहिला सांगायचे. आमचे वडील ती गाणी ‘वाईट’ म्हणायचे, आणि दाढी करताना गुणगुणायचे. चेहऱ्यावर साबण असला की माणूस ओळखू येत नाही, असा त्यांचा समज असावा. सोंग घेतलं की खरं बोलता येतं, हे आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला कोणी शिकवावं लागलं नाही. गण झाला, गवळण झाली, की वगात तो राजालाही गावातल्या नळाचं विचारतो. मकेन्शने तेच केलं. ‘हॉरर मूव्ही’ हे गाणं वरवर भुताखेतांचं वाटतं, आणि निघतं संध्याकाळच्या टीव्ही बातम्यांवर. 1 मार्च 1975 ला ऑस्ट्रेलियात रंगीत टीव्ही सुरू झाला. त्या दिवशी ‘काउंटडाउन’ या कार्यक्रमात स्कायहुक्सने तेच गाणं म्हटलं. आजोबांच्या घरी संच काळापांढराच होता. बँडमधल्या रेड सिमन्सच्या, म्हणजे फोटोतल्या त्या सैतानाच्या, डोळ्यांभोवतीचा रंग कोणता, हे बघायला ते चार घरं सोडून एका दंतवैद्याकडे गेले. (आपल्याकडे रंग 1982 च्या एशियाडला आले. तोवर दंतवैद्याकडे दात दुखल्याशिवाय कुणी जात नव्हतं.)

मग 1976 मध्ये मंडळी अमेरिकेला गेली आणि तिथे कुणाला काही कळलं नाही. रंगवलेली तोंडं पाहून तिकडच्या समीक्षकांनी त्यांना किस या बँडची नक्कल ठरवलं. आजोबांचा हा राग अजून ताजा आहे. मला मात्र हे अपयश पूर्ण पटतं. बॅलविन कुठे आहे हे ज्याला माहीत नाही, त्याला त्या फोनची भीती कशी वाटणार? पुण्याच्या पाट्यांवरचा विनोद शिकागोत सांगून बघा.

पुढचं भराभर सांगतो, कारण आजोबाही भराभर सांगतात. 1977 ला सिमन्स गेला, वर्षभराने शर्ल, 1980 ला बँड मिटला. 1990 ला पुन्हा एकत्र येऊन ‘ज्यूकबॉक्स इन सायबेरिया’ पहिल्या क्रमांकावर नेलं. सैतान झालेला रेड सिमन्स टीव्हीवर हौशी कलाकारांना कमी गुण देणारा खाष्ट परीक्षक म्हणून गाजला आणि नंतर अनेक वर्षं एबीसी रेडिओवर मेलबर्नला सकाळी उठवत राहिला. शर्लने मुलांसाठी कार्यक्रम केला, मग टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवली, म्हणजे शेवटी सुतारकामच. 29 ऑगस्ट 2001 ला तो हेलिकॉप्टर चालवायला शिकत असताना क्वीन्सलंडमध्ये किलकॉयजवळ माउंट आर्चरवर अपघातात गेला. वय 49. आजोबा हे वाक्य पूर्ण करत नाहीत, लिंबाच्या झाडाकडे वळतात. त्या आठवड्यात मला पिशवीभर लिंबं मिळतात.

बँडमधलाच बॉब स्टार्की, म्हणजे बाँगो, ही गाणी पुढेही अनेक वर्षं मंचावर नेत राहिला. आजोबा मला एका क्लबात त्याच्या कार्यक्रमाला घेऊन गेले. आधी चिकन पार्मा, मग संगीत, असा क्रम होता. भोवती सत्तरीतली मंडळी : गुडघे बदललेले, श्रवणयंत्रं लावलेली, आणि काही आज्या चकाकत्या सॅटिनमध्ये. ‘बॅलविन कॉलिंग’ सुरू झालं आणि एका कोपऱ्यातल्या टेबलाने उठून सर्वांत मोठा जल्लोष केला. ते सगळे बॅलविनचे होते. ज्यांची टिंगल, तेच पुढे. तिथे मला कळलं की हे प्रेम आवाजाचं नाही, रंगाचं नाही आणि तुमानीचंही नाही. कुणीतरी आपला पत्ता गाण्यात घातला आणि आपल्याला थट्टेच्या लायकीचं समजलं, याबद्दलची ही पन्नास वर्षांची कृतज्ञता आहे. थट्टा करण्याइतकी जवळीक पाहुण्याशी होत नसते.

आमच्या मंडळात दर वर्षी गाण्यांचा कार्यक्रम होतो. त्यात चांदणं असतं, कोकण असतं, सह्याद्री असतो. वेस्टर्न रिंग रोडवर तासभर अडकलेला मराठी माणूस मंचावर येऊन पावसात भिजलेल्या रानवाटेबद्दल गातो आणि आम्ही डोळे पुसतो. टार्नीटच्या गाडीतळावर, शनिवारच्या लिलावावर, डब्यातल्या वासाने कानकोंड्या झालेल्या इंजिनियरवर गाणं नाही. तिकडे हिंजवडीवर तरी कुठे आहे?

तेव्हा मंडळातल्या तरुण मंडळींना जाहीर विनंती : पुढच्या गणपतीत एक तरी गाणं आपल्या पिनकोडवर करा. टिंगल सनशाइनपासून सुरू केलीत तरी चालेल. आमच्या सौ.ने सॅटिनच्या पाच तुमानी शिवून द्यायचं कबूल केलं आहे, माप फक्त वेळेत कळवा.