आम्ही क्लायंट झालो

डोंबिवलीतल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचा मी चिटणीस आहे. हे पद निवडणुकीने मिळत नाही. वार्षिक सभेत 'नको' म्हणायला ज्याला उशीर होतो, त्याच्या गळ्यात ते पडतं. काम साधं: अनुदानाची वाट बघायची आणि ते येईपर्यंत विजेचं बिल कशातून भरायचं यावर खजिनदारांशी वाद घालायचा. अशा संस्थेला कुणी 'क्लायंट' म्हणेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. पण मास मीडियाच्या पाच मुलामुलींनी म्हटलं, आणि कार्यकारिणीतल्या ज्येष्ठांनी त्या दिवशी शर्ट इस्त्री केले.

पब्लिक रिलेशन्स या विषयासाठी मुलांना एक खरीखुरी संस्था निवडून तिची मोहीम आखायची होती. मोठ्या कंपन्यांनी त्यांच्या मेलला उत्तर दिलं नाही. एका कॅफेवाल्याने आधी कॉफीचे पैसे मागितले. शेवटी गटातल्या एका मुलाच्या आजीने आमचं नाव सुचवलं. प्रोजेक्टच्या अहवालात ही निवड 'सखोल संशोधनांती' झाल्याची नोंद आहे. पब्लिक रिलेशन्स मुलांना जमणार, हे मी तिथेच ओळखलं.

"सर, तुमची ब्रँड पर्सनॅलिटी काय आहे?" गटप्रमुख मुलीने पहिल्याच भेटीत विचारलं.

मी आमच्या ग्रंथपालबाईंकडे पाहिलं. बाई रजिस्टरातून मान वर न काढता म्हणाल्या, "अनामत पाचशे, महिन्याला साठ."

मुलीने ते लिहून घेतलं.

पुढच्या भेटीत त्यांनी आमचं 'स्वॉट' केलं. म्हणजे कागदावर चार चौकोन आखून संस्थेची कुंडली मांडली. बलस्थानांच्या चौकोनात 'पुस्तकं' एवढाच शब्द होता. दुबळ्या बाजूंच्या चौकोनात मात्र अक्षर बारीक करत करत त्यांना समासात जावं लागलं होतं: जिना, पंख्याचा आवाज, उघडण्याची वेळ, संडासाची किल्ली मागून घ्यावी लागणे, आणि अगदी तळाला 'पदाधिकारी'. 'तरुण वाचक' हे शब्द संधींमध्ये होते आणि धोक्यांमध्येही होते. लिहिण्यातली चूक असेल म्हणून विचारलं, तर नाही म्हणाले.

पब्लिक रिलेशन्सचा एक आद्यपुरुष आहे, एडवर्ड बर्नेज. सिग्मंड फ्रॉइडचा सख्खा भाचा. १९२९ साली ईस्टरच्या दिवशी त्याने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर काही तरुणींना सिगारेटी ओढत चालायला लावलं. बघणाऱ्यांना वाटलं, ही स्त्रियांच्या हक्कांची चळवळ. पैसे होते तंबाखू कंपनीचे. ही गोष्ट मुलं फार आदराने सांगत होती. खजिनदारांनी तेवढ्यात "आपल्याकडे असलं चालणार नाही" असा खुलासा केला, जणू त्यांनाच कुणी फडके रोडवर बिडी घेऊन चालायला सांगितलं होतं.

पण बर्नेजची दुसरी गोष्ट आमच्या जास्त कामाची निघाली. १९३०च्या सुमाराला अमेरिकेतल्या प्रकाशकांनी पुस्तकांचा खप वाढवण्यासाठी त्याला गाठलं. त्याने वास्तुविशारद, बांधकामवाले आणि घरसजावट करणारे यांचं मन वळवलं आणि नव्या घरांच्या भिंतींतच पुस्तकांची कपाटं बसवायला लावली. घरात रिकामी फळी दिसली की माणूस पुस्तकं आणून ती भरणारच, हा त्याचा हिशेब. मला हे मनापासून पटलं. हल्लीच्या फ्लॅटमध्ये टीव्हीला भिंत असते, चपलांना कपाट असतं, देवांना कोनाडा असतो. पुस्तक ठेवायचं तर ते यांपैकी कुणाकडे तरी पाहुणं म्हणून जातं.

मुलं उत्साहाने एका बिल्डरला भेटून आली. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कल्पना फार आवडली म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची माणसं फीत घेऊन आमच्या इमारतीचं माप काढायला आली. तेव्हापासून 'पुनर्विकास' हा विषय आमच्या प्रत्येक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे.

मग मी मुलांना म्हटलं, "बाळांनो, फ्रॉइडच्या भाच्यापर्यंत कशाला जाता? आपले त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके बघा." 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत लागला आणि पुढे सुरतेला गेला. तिथे पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. तिकिटाहून कमी पैशांत सहा तासांचं नाटक बघायची सवय असलेल्या गावाला हा दीड तासाचा खेळ महाग वाटत होता. थिएटरवाल्याचं म्हणणं, खेळ लांबवा. फाळक्यांनी खेळ तसाच ठेवला आणि जाहिरात बदलली: सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत! गर्दी लोटली. फाळक्यांनी फक्त फिल्म घड्याळाऐवजी मैलाच्या दगडांनी मोजली. एवढं नेमकं प्रसिद्धितंत्र कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसेल.

मुलांनी लगेच मोजपट्टी काढली. आमची पुस्तकं बावीस हजारांच्या घरात. एकापुढे एक आडवी मांडली तर साडेचार किलोमीटर भरतात, म्हणजे डोंबिवली स्टेशनातून निघून ठाकुर्ली ओलांडून कल्याणच्या अलीकडे पोचतात. दुसऱ्या दिवशी दारावर पोस्टर लागलं: 'डोंबिवली ते जवळजवळ कल्याण! महिन्याला फक्त साठ रुपये!' पहिलाच माणूस आत आला आणि त्याने विचारलं, "पास इथेच मिळतो का?"

बाकीच्या माध्यमांबद्दल थोडक्यात सांगतो. शॉर्ट फिल्म झाली. विद्यार्थ्यांच्या सगळ्या शॉर्ट फिल्मांसारखा तीतही आधी गजर वाजतो, मग पियानो वाजतो आणि शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी वाक्यं येतात. ड्रोनही उडवला. त्यात आमच्या छपराचे पत्रे आणि शेजारच्या गच्चीवरचे पापड फार स्पष्ट आले आहेत. पॉडकास्टचं रेकॉर्डिंग संदर्भग्रंथांच्या खोलीत झालं, कारण तिथे पूर्ण शांतता असते. ती इतकी पूर्ण होती की वेळ संपल्यावर बाई बाहेरून कुलूप लावून घरी गेल्या. त्या भागाच्या शेवटी दार बडवल्याचे आवाज येतात, ते मुलांनी तसेच ठेवले. सर्वांत जास्त ऐकला गेलेला भाग तोच.

उरलं 'क्रायसिस कम्युनिकेशन'. संस्थेवर संकट आलं तर जनतेला काय सांगायचं, याचा सराव.

"सर, आतापर्यंत तुमच्यावर कोणते क्रायसिस आलेत?"

"एकदा पंखा पडला होता."

"कुणाला लागलं?" गटप्रमुख मुलीने आशेने विचारलं.

"नाही. खाली कुणी नव्हतं. वाचनकक्ष होता तो."

मुलांचा फार हिरमोड झाला. मग त्यांनीच एक संकट रचलं. 'वाचनालयातील शेकडो ग्रंथ गहाळ. घरोघरी चौकशी होणार' असं प्रसिद्धिपत्रक तयार केलं. मराठी शुद्ध होतं, पहिल्याच परिच्छेदात कोण-काय-कुठे-कधी सगळं आलं होतं, खाली माझ्या तोंडी एक गंभीर वाक्यही होतं. वर ठळक अक्षरांत 'फक्त सरावासाठी' असं लिहिलेलं होतं. गटातल्या कुणीतरी ते मोबाइलवर आजीला दाखवायला पाठवलं. आजींनी त्याचा खालचा भाग तेवढा फोटोत घेऊन भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी पाचला मी वाचनालय उघडलं तेव्हा पायरीवर पुस्तकांचा गठ्ठा होता. निनावी. साडेपाचला एक सद्गृहस्थ आले, दोन कादंबऱ्या टेबलावर ठेवून "मुलाने नेल्या होत्या" म्हणाले. मुलगा आता सिंगापूरला मॅनेजर आहे. मग रांगच लागली. कुणी 'माळ्यावर सापडलं' म्हणून आणत होतं, कुणी 'सासूबाईंच्या सामानात होतं' म्हणून. जिवंत माणसाने नेलेलं पुस्तक फारसं नव्हतंच. पुरवण्या निघालेले जुने दिवाळी अंक आले, शब्दकोशाचा हरवलेला दुसरा खंड आला, पाककृतींचं एक पुस्तक हळदीच्या डागांसकट आलं. दुसऱ्या दिवशी तर कल्याणच्या आणि ठाण्याच्या वाचनालयांचे शिक्के असलेली पुस्तकंही आमच्याकडे जमा होऊ लागली. ग्रंथपालबाईंना मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसताना पाहिलं.

कॉलेजच्या मॅडमना हे कळलं आणि त्या तातडीने आल्या. त्यांनी मुलांना आयव्ही लीचा धडा पुन्हा वाचायला लावला. १९०६ साली अमेरिकेत रेल्वेचा मोठा अपघात झाला, तेव्हा बातमी दडपायची रेल्वेची सवय मोडून तिच्या प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या या लीने पत्रकारांना रेल्वेच्याच खर्चाने घटनास्थळी नेलं आणि खरी माहिती त्यांच्या हातात ठेवली. मॅडमचं म्हणणं रास्त होतं: खोटं पसरलंय, आजच्या आज खुलासा काढा.

खजिनदारांनी मात्र हात जोडले. "मॅडम, खुलासा काढूच. पण शनिवार-रविवार जाऊ द्या ना. लोकांना वेळ मिळेल."

मॅडम बधल्या नाहीत. मुलांनी खुलासा लिहिला, आणि सबंध प्रोजेक्टमधली सर्वांत चांगली गोष्ट मी त्यालाच म्हणेन. त्यात विशेषण नव्हतं, हॅशटॅग नव्हता, 'गैरसमज झाला' अशी पळवाट नव्हती. पत्रक सरावाचं होतं, ते आमच्याकडून बाहेर गेलं, कुणाच्या घरी चौकशी होणार नाही, एवढंच होतं. तो त्याच ग्रुपवर गेला आणि त्याच संध्याकाळी पुस्तकं येणं बंद झालं. सिंगापूरवाल्या मॅनेजरचे वडील तर आपल्या कादंबऱ्या परत मागायला आले.

तोंडी परीक्षेला क्लायंट म्हणून मीही बसलो होतो. इतर गटांनी मोहिमेचं यश रीच आणि लाइक यांत सांगितलं. आमच्या गटप्रमुख मुलीने सांगितलं, "नवे सभासद अकरा, त्यांतल्या दोन आमच्याच आया. परत आलेली पुस्तकं शंभराच्या वर." बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "सर्वांत प्रभावी माध्यम कोणतं ठरलं?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "भजनी मंडळ, सर."

परीक्षकांनी नीतिमत्तेचे गुण कापले आणि परिणामकारकतेला पैकीच्या पैकी दिले. मला विचारलं असतं तर मी उलट केलं असतं. शंभर पुस्तकं घाबरवून आणता येतात. ती येत असताना, आणि खजिनदार हात जोडून उभे असताना, आजच खरं सांगायला जास्त अक्कल लागते.

आता हा लेखही प्रसिद्धिपत्रकच आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल, तेव्हा मुद्द्याचं सांगून टाकतो. आमचा शिक्का असलेलं पुस्तक तुमच्या घरी असेल तर आणून द्या. दंड घेणार नाही, नाव विचारणार नाही, सासूबाईंना मध्ये आणायचीही गरज नाही. शिक्का दुसऱ्या वाचनालयाचा असेल तरी आणा, आम्ही पोचवू.