घाट चढण्यापूर्वी अध्यक्षांना विचारावे

डोंगराळ व दुर्गम प्रदेशातून सायकलने दूरचा प्रवास करू इच्छिणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी ही मार्गदर्शिका आहे. सांगलीकर, सातारकर यांनी वाचायला हरकत नाही. मात्र खाण्यापिण्याचे कलम त्यांना लागू नाही.

नियम १. मोहिमेला अध्यक्ष असावा. त्याची निवडणूक घेऊ नये, तो असतोच. रंकाळ्यावर सकाळी सहा वाजता पाचजण सायकली टेकवून चहा पीत उभे असले, तर ज्याच्या हातात चहाऐवजी मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये एक्सेल शीट आहे, तो अध्यक्ष. आमच्या अध्यक्षांचं उद्यमनगरात मशीनशॉप आहे आणि डोक्यात लेह आहे. मनाली ते लेह, पावणेपाचशे किलोमीटर, वाटेत खिंडींमागून खिंडी. शीटमध्ये प्रत्येक दिवसाला वेगळा रंग. गेली कित्येक वर्षं ते रंग बदलताना मी पाहतो आहे. अध्यक्षांची सायकल महाराष्ट्राबाहेर गेली ती फक्त निपाणीपर्यंत; आणि निपाणी महाराष्ट्राचीच, असं त्यांचं ठाम मत असल्यामुळे तेही धरता येत नाही.

नियम २. महिना निवडावा. हा सर्वांत अवघड टप्पा असून बहुतेक मोहिमा इथेच संपतात. मनाली-लेह रस्ता सायकलसाठी साधारण जून ते सप्टेंबर सोयीचा असतो. जूनमध्ये मुलांच्या शाळा. जुलैमध्ये पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर गेलं की धोका. पण कोल्हापूरचा माणूस तीस फुटांपासूनच दर तासाला आकडा बघायला लागतो. २०१९ आणि २०२१ चं पाणी पाहिलेल्याला ‘चल भावा, पाणी वाढतंय तेवढ्यात लेहला जाऊन येऊ’ म्हणणं माणुसकीला धरून नाही. ऑगस्टमध्ये मंडळाची वर्गणी, मग गणपती, महाद्वार रोडची मिरवणूक, मग अंबाबाईचं नवरात्र, दसरा चौकातलं सोनं लुटणं. तोवर तिकडे बर्फ. बरं, हिवाळ्यात सराव करावा, तर शाहू स्टेडियमवर फुटबॉल; पाटाकडील विरुद्ध खंडोबा सोडून पन्हाळा चढणारा माणूस पेठेत परत कसा येणार? चैत्रात जोतिबाची यात्रा, मे महिन्यात लग्नं. सर्व बाजूंनी विचार करता मोहिमेस योग्य महिना एकच निघतो: पुढचा.

ज्यांना खरोखर जायचं आहे त्यांनी आपल्या सह्याद्रीसाठी दसऱ्यानंतर निघावं आणि फेब्रुवारी संपेपर्यंत उरकावं. पावसाळ्यातला घाट फोटोत छान दिसतो. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बराचसा आपण वळणावर असताना पडतो. शेवाळलेला डांबरी रस्ता, दाट धुकं आणि कुठून तरी सुटलेली दरड, यांच्यापुढे ब्रेक कितीचाही घेतलेला असो, त्याचं काही चालत नाही.

हिवाळ्यात मात्र ऊस असतो. बाळिंगा सोडून कळ्याच्या दिशेने निघालात की एकामागे एक दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर भेटतात, वर मोठ्या आवाजात गाणी, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरही नाही. ट्रॉलीमागून ऊस ओढून खाण्याचं आपलं वय गेलं. अंधारात या रस्त्यांवर सायकल चालवू नये. इथे विनोद सुचत नाही, कारण दर हंगामात कुणी तरी त्या काळ्या ढिगाऱ्यावर जाऊन आदळतं आणि ट्रॉलीला लाल कागद चिकटवायला काही फार पैसे पडत नाहीत.

नियम ३. अंतर मोजावे. अध्यक्ष अंतराला ताशी वीसने भागतात. कोल्हापूर ते गगनबावडा ५५ किलोमीटर, म्हणजे पावणेतीन तास, म्हणजे सहाला निघून नवाच्या आत नाश्ता. हे गणित गगनबावड्यापर्यंत जवळजवळ जमतं. पुढे करूळ घाटाने वैभववाडीला उतरून भुईबावडा घाटाने परत वर यायचं म्हटलं की भागाकार कोसळतो. घाटात सामान लादलेली सायकल ताशी सहा-सात किलोमीटरने चढते, आणि त्यात थांबून ‘दृश्य बघणं’ धरलेलं नाही. दृश्य बघणारा माणूस दरीकडे बघत नसतो, तो हँडलवर डोकं टेकून डांबर बघत असतो. म्हणून दिवसाची आखणी किलोमीटरने नव्हे, चढाने करावी. सपाटीला शंभर किलोमीटर मारणाऱ्याने घाटाच्या दिवशी साठ धरावेत आणि त्या साठांचाही अभिमान बाळगावा.

नियम ४. इतिहासातून प्रेरणा घ्यावी. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे इराण, युरोप, अमेरिका, जपान, चीन असं करत ७१ हजार किलोमीटर कापून १८ मार्च १९२८ ला परतले. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा अध्यक्ष थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “त्यास्नी जीएसटी रिटर्न भरायचं नव्हतं.”

नियम ५. सायकल चढासाठी घ्यावी, दुकानासाठी नव्हे. दुकानात सगळे सायकल एका बोटावर उचलून बघतात. घाटात सायकल उचलायची नसते. बघायचं ते एवढंच, की सर्वांत हलक्या गिअरला पुढच्या चक्राचे दाते मागच्यापेक्षा कमी, निदान बरोबरीचे आहेत का. बरोबरीचे असले तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण दोन मीटर सरकते. ताशी सहाने चढताना मिनिटाला पन्नासेक फेरे पडतात, ते गुडघ्याला सोसतं. त्याहून जड गिअर असला तर गुडघा लवकरच आपलं मत कळवतो. टायर पस्तीस मिलीमीटरच्या पुढचे, जाड. शर्यतीचे बारीक टायर चंदगड तालुक्यातल्या खड्ड्यांसाठी बनवलेले नाहीत. अर्थात त्या खड्ड्यांसाठी काहीच बनवलेलं नाही.

एक जुनी आठवण इथे नमूद करणं भाग आहे. दुधाच्या गाड्या गल्लोगल्ली फिरायला लागण्यापूर्वी आसपासच्या गावांतले गवळी पहाटे काळ्या डबलदांडी सायकलला दोन्ही बाजूंना दुधाच्या घागरी लटकवून शहरात यायचे. गिअर नाही, हेल्मेट नाही, पायात कापशी चप्पल. तो भार आणि तो समतोल बघितलेल्या माणसाला आजकालच्या जलरोधक बॅगांच्या जाहिराती वाचताना हसू येतं. वजन खाली, दोन्ही बाजूंना सारखं आणि घट्ट बांधलेलं: सामान लादण्याचं सगळं शास्त्र त्या घागरींत होतं.

नियम ६. कॅरियर विकत घ्यावे. उद्यमनगरात करून घेऊ नये. उद्यमनगरात काहीही करून मिळतं, हीच अडचण आहे. अध्यक्षांनी स्वतः ड्रॉइंग काढलं, चौकोनी पाइप कापला, वेल्डिंग केलं, वर पावडर कोटिंग केलं. त्या कॅरियरवर माणूस बसू शकतो, हे दाखवायला ते स्वतः बसले. वजन किती विचारल्यावर म्हणाले, “मजबुती बघा की राव.” आम्ही मजबुती बघितली. ते कॅरियर सायकलला लावलेलं नसून सायकल कॅरियरला लावलेली आहे, असं आमच्यातल्या एकाने सांगितलं आणि त्याला पुढच्या दोन बैठकांचं निमंत्रण गेलं नाही.

कॅरियरवरच्या सामानात काय भरावं याची अध्यक्षांची यादी फार लांब आहे. उपयोगाचं तेवढं सांगतो. दोन जादा ट्यूब, पंक्चरचं साहित्य, साखळी जोडायची कडी, ब्रेकचे रबर, आपल्या चाकाच्या मापाचे दोन-चार स्पोक, आणि मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीला लटकतो ती पट्टी. ही पट्टी प्रत्येक सायकलीची वेगळी असते, पडल्यावर पहिली तीच वाकते आणि आजऱ्याच्या पुढे ती कुठेही मिळत नाही. दुसरं म्हणजे महागड्या ट्यूबच्या बारीक वॉल्व्हला गावातल्या सायकल दुकानाचा पंप बसत नाही. नखाएवढा पितळी ॲडॅप्टर वीस-तीस रुपयांत मिळतो, तो खिशात ठेवावा. नाहीतर दुकानदार मामा आपल्या पन्नास हजारांच्या सायकलकडे अशा काही दयेने बघतात की विचारू नये.

नियम ७. खाणे. चढाआधी मिसळ खाऊ नये. हे कलम बैठकीत एका मताने फेटाळलं गेलं, ते मत अध्यक्षांचं होतं. तरी लिहून ठेवतो: तिखट कट आणि वरचा तेलाचा तवंग पहिल्या वळणापर्यंत साथ देतात, मग विरोधात जातात. दर पाऊण तासाला थोडं थोडं, भूक लागायच्या आधी खावं. केळी, गूळ-शेंगदाणे, चिक्की. उन्हात तासाला पाऊण लिटर पाणी, त्यात लिंबू-मीठ. आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, हे खाताना इतरांना सांगत बसू नये, दम लागतो. पांढरा-तांबडा रस्सा मुक्कामी पोहोचल्यावर.

नियम ८. उतरणे. चढण्यापेक्षा उतरण्याने जास्त माणसं दवाखान्यात जातात. ब्रेक सतत दाबून धरू नये, तापतात. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर वेग मोडावा, वळणात ब्रेक मारू नये. समोरून एसटी आल्यास रस्ता तिचा आहे असे समजावे. तिलारी घाट पहिल्या मोहिमेत घेऊच नये.

नियम ९. उंची. पन्हाळा समुद्रसपाटीपासून साधारण ९७५ मीटरवर आहे आणि लेहच्या वाटेवरची टांगलांग ला ५,३२८ मीटरवर. पन्हाळ्यावर दोन रात्री काढून विरळ हवेची सवय होते, हा अध्यक्षांचा सिद्धान्त डॉक्टरी शास्त्राला मान्य नाही. तिथे झुणका-भाकरीची सवय होते. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंचावर नको आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती हवी. शीटमध्ये केलाँगनंतर थेट सरचू आहे. ही उडी बाराशे मीटरची आहे. मी त्या रकान्याला लाल रंग दिला, अध्यक्षांनी तो परत हिरवा केला. डोकं दुखणं, मळमळ, अन्न नको वाटणं ही लक्षणं. कोल्हापुरी माणसात ओळखायला सोपी: मटणाचं ताट समोर असून हात आखडला, तर त्याला प्रश्न न विचारता खाली उतरवावं. आणि हो, लेहच्या पुढच्या खारदुंग ला खिंडीतल्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात ती खिंड साडेसतरा हजारांच्या जरा वर भरते. फोटो काढावा, वाद घालू नये.

नियम १०. घरची परवानगी. तोंडी घ्यावी, पण साक्षीदार ठेवावा.

नियम ११. अध्यक्षांना शेवटी ठेवावे. हे मी चेष्टेने लिहायला घेतलं होतं. भुईबावडा चढताना दिवस कलला आणि आमच्यातल्या एकाची साखळी तुटली. मोबाईलला रेंज नव्हती. पुढचे निघून गेले होते, म्हणजे ज्यांच्या सायकली हलक्या होत्या ते सगळे. मागून ते दणकट कॅरियर आलं. त्यातून बॅटरी निघाली, साखळीची कडी निघाली, हात पुसायला चिंधी निघाली, थर्मासमधून चहाही निघाला. अध्यक्ष दरवेळी मागे असतात. वजनामुळे असतात असं ते सांगतात. पण सपाटीलाही ते मागेच असतात, जो सर्वांत दमलेला आहे त्याच्या शेजारी, आणि त्याला फौंड्रीतल्या कास्टिंगची लांबलचक गोष्ट सांगत असतात, म्हणजे त्याचं लक्ष वळणं मोजण्याकडे जाऊ नये. ती गोष्ट अत्यंत कंटाळवाणी आहे. मी ती ऐकत आख्खा घाट चढलो आहे.

लेहची पुढची बैठक रविवारी सकाळी सात वाजता. विषय: तंबूचा रंग, आणि सरचूऐवजी दुसरा मुक्काम हवा का यावर मतदान. ग्रुपवर आलेल्या सूचनेच्या शेवटी अध्यक्षांनी एक ओळ टाकली आहे: बैठकीला कुणीही सायकल आणू नये, पार्किंगला जागा नाही.