सत्तर टक्के

विंझर गावात त्याला नावानं कुणी हाक मारत नाही. तो ‘सत्तर टक्के’. नवखा माणूस त्याला ठेकेदार समजतो, पण हा बिचारा टक्के घेत नाही, फुकट वाटतो. काकडी उद्या गुलटेकडीच्या बाजारात वेळेत पोचणार का, पाबे घाटात दरड येणार का, खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर गाड्या तुंबणार का, सगळं त्याच्या मोबाईलमध्ये.

पूर्वी हाच गडी तोरणा किल्ल्यावरचा ढग बघून पाऊस सांगायचा आणि चुकला की शिव्या खायचा. जून 2025 मध्ये राज्य सरकारनं शेतीसाठी एआय धोरण मंजूर केलं, 500 कोटींचं. ती बातमी वाचली आणि गड्याची मान तोरण्याकडे वळायचीच बंद झाली. आता पावसाचा अंदाज, बाजार समितीतली आवक, कालचे भाव, हायवेची गर्दी असं सगळं तो एआयला विचारतो आणि चहाच्या टपरीवर निकाल जाहीर करतो, ‘‘माल अडकण्याची शक्यता 70 टक्के!’’

माल अडकला, तर ‘‘बघा, सांगितलं होतं.’’ नाही अडकला, तर ‘‘30 टक्के सोडले होतेच की!’’ एवढी सोय कुडमुड्या जोशालाही नव्हती.

एकदाच एका म्हाताऱ्यानं त्याला कोंडीत पकडलं. ‘‘2023 च्या जुलैत दिल्लीनं बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात एका रात्रीत बंद केली. ते कळलं असतं का तुझ्या यंत्राला?’’ प्रश्न रास्त होता. पावसाला, दरडीला, सुट्टीच्या गर्दीला काहीतरी चाल असते, मागचे आकडे बघून ती थोडीफार सापडते. सरकारी आदेशाची चाल कोण सांगणार? पण आमचा गडी हार मानणारा नव्हे. ‘‘आबा, दिल्लीचा डेटा स्वच्छ नाही.’’ आबांनी तंबाखू थुंकून अनुमोदन दिलं.

त्याची खरी कमाल दिसली ती जोडून आलेल्या सुट्ट्यांत. शनिवारी गुलटेकडी बंद, रविवारच्या बाजारासाठी शनिवारी संध्याकाळी माल निघायचा. यानं आधीच गावाच्या ग्रुपवर टाकलं, ‘‘शनिवारी हायवे जाम, 70 टक्के. माल गुरुवारीच काढा.’’ झालं! ज्याची काकडी तयार होती त्यानं तोडली, ज्याची नव्हती त्यानंही तोडली. गुरुवारी टेम्पो तीन आणि क्रेट चौपट. भांडणं झाली, निम्मा माल स्टँडवरच मऊ पडला. शनिवारी हायवे मात्र मोकळा.

लोक तावातावानं त्याच्याकडे गेले. तो शांत. ‘‘अडथळा येणार म्हणालो, आला की नाही? कुठं येणार, ते तुम्ही विचारलंच नाही.’’

यावर उत्तर कुणालाच सुचलं नाही. तेव्हापासून गावात निम्मे लोक तो सांगेल ते करतात, निम्मे मुद्दाम उलट. टेम्पोवाला तेवढा रोज संध्याकाळी त्याला स्वतःच्या पैशानं चहा पाजतो, टक्के ऐकून घेतो आणि मग दुसऱ्या दिवशीचं भाडं ठरवतो.