हुद्द्याचा रकाना खोडा

शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचा फॉर्म फोनवर आला. आमच्या बॅचला पन्नास वर्षं झाली, स्मरणिका निघणार आहे, प्रत्येकाने आपली माहिती भरावी. रकाने सात. नाव, बॅच, शिक्षण, हुद्दा, कंपनी, शहर किंवा देश, देणगीची रक्कम. हुद्द्यापुढे लाल चांदणी. तो रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.

माझा सरकला. माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राचा अडकला. त्याने फोन केला, "अरे, इथे काय लिहू? गिरणी गेली, त्यानंतर वीस वर्षं एका इमारतीत वॉचमन होतो. तेच लिहू?" मी म्हटलं, लिही, बिनधास्त लिही. "बघतो," म्हणाला आणि फोन ठेवला. त्याचा फॉर्म अजून गेलेला नाही आणि तो आता जाणार नाही, हे मला माहीत आहे.

त्या एका चांदणीने आमचा निम्मा वर्ग शाळेबाहेर काढला आहे. मला याचा राग येतो.

आमची शाळा परळची. सरकारी कागदावर खासगी. आज खासगी शाळा म्हटलं की लाखांतली फी आणि एसी वर्ग डोळ्यांपुढे येतात. आमच्याकडे पंखे होते, तेही सगळे फिरत नव्हते. शाळा संस्थेची, शिक्षकांच्या पगाराचं अनुदान सरकारचं, अशा शाळा महाराष्ट्रात गावोगाव आहेत. शिक्षकांच्या नोकरीला संरक्षण देणारा १९७७ चा जो कायदा आहे, त्याच्या नावातसुद्धा 'खासगी शाळा' आहे. आमच्या वर्गातल्या बहुतेकांचे वडील गिरणीत. रातपाळी करून आलेला बाप दहा बाय दहाच्या खोलीत झोपलेला असायचा, म्हणून पोरं चाळीच्या जिन्यात बसून अभ्यास करायची.

१९७५ साली जुनी अकरावी आणि नवी दहावी एकाच वर्षी परीक्षेला बसली. कॉलेजच्या दारात दुप्पट गर्दी. ज्यांना प्रवेश मिळाला आणि परवडला, ते पुढे गेले. बाकीचे वय भरल्यावर बदली कामगार म्हणून गिरणीच्या फाटकावर उभे राहू लागले. बदली म्हणजे रोज जायचं, कोणी कायम कामगार आला नसेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम. सगळे आले असतील तर डबा तसाच घेऊन घरी परत. दुसऱ्याच्या गैरहजेरीवर ज्यांची हजेरी लागायची, ती ही आमची मुलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची होती. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. कोणी कोकणात गेला, कोणी साताऱ्याकडे, कोणी हातगाडी लावली, कोणी रिक्षा धरली. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल उभा राहिला, तिथे आमच्यातला एक जण पार्किंगच्या पावत्या फाडायचा.

यांना तुम्ही विचारताय, हुद्दा काय?

पंचवीस वर्षांची स्मरणिका माझ्या कपाटात आहे. सुरुवातीची पानं रंगीत, गुळगुळीत. डॉक्टर, इंजिनीयर, बँकेतले साहेब, न्यू जर्सीतलं घर आणि घरापुढची गाडी. त्यांचा मला आनंद आहे, सांगताना माझीही छाती फुगते. पण मागे मागे जावं तसा कागद पातळ होत जातो आणि सगळ्यात शेवटी काळ्या चौकटीत 'दिवंगत'. नुसती नावं. आमच्या वर्गाचा कबड्डीतला चढाईपटू त्या चौकटीत सातवा आहे. संपाच्या दुसऱ्या वर्षी त्याने घरातली पितळेची भांडी, आईचा हंडासुद्धा, मोडीत घालून बहिणीचं लग्न लावलं आणि वरातीत स्वतः पुढे नाचला. त्या हंड्याचा एक पोचा आमच्यामुळे पडला होता, चाळीच्या गच्चीत क्रिकेट खेळताना. त्याच्याबद्दल एक ओळ छापायला संघाकडे जागा नव्हती. शीतपेयाच्या पानभर जाहिरातीला होती.

मुलींचं याहून वाईट. संघाचे पदाधिकारी म्हणतात, मुली प्रतिसादच देत नाहीत. अहो, तुम्ही हाक कोणत्या नावाने मारताय? हजेरीपटावर माहेरचं नाव. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांवर अंगठीने दुसरं नाव लिहिलं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, आडनाव सासरचं. नावाचे तिन्ही तुकडे गेले. तुमच्या फॉर्मवर नावाला रकाना एकच. 'लग्नापूर्वीचं नाव' एवढे दोन शब्द घालायला कोणाचे हात अडले होते? वर्गात सव्वीस मुली होत्या. ग्रुपवर चार आहेत.

बोर्डाने दहावीची गुणवत्ता यादी केव्हाच बंद केली. बोर्डाला कळलं ते माजी विद्यार्थी संघांना कळत नाही. पासष्ट वर्षांच्या माणसांची पुन्हा गुणवत्ता यादी लावताय आणि तिला स्नेहमेळावा म्हणताय. याच महाराष्ट्रात १८८० साली चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं, तीही खासगी शाळाच. पुढच्याच वर्षी तिथे आलेल्या आगरकरांनी आईला पत्राने कळवलं होतं, की मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून मी बाकीचा वेळ लोकांसाठी देणार. त्या माणसाने तुमच्या फॉर्मवर काय भरलं असतं?

देणगी लागते हे मला कळतं. शाळेचं छप्पर गळतं, पटावरची मुलं घटताहेत, शिक्षकांच्या जागा भरल्या जात नाहीत. मागा, हक्काने मागा, मी देतो. देणगीदारांचं पान वेगळं करा, हवं तर सोनेरी शाईत छापा. पण शाळेनंतर कोण कुठे गेलं, हे विचारताना पाकीट बघू नका. हुद्द्याचा रकाना खोडा. तिथे लिहा, 'शाळा सुटल्यावर काय काय केलंत?' आणि खाली पुरेशी जागा सोडा.

संघाची बैठक होईपर्यंत मी थांबलेलो नाही. आमच्या तुकडीच्या हजेरीपटाची झेरॉक्स मला शाळेच्या शिपायाने काढून दिली. तोही याच शाळेचा, १९८७ चा. त्याला फॉर्म कोणी पाठवला नव्हता. रोज जो शाळेचं कुलूप उघडतो, तो त्यांच्या लेखी माजी विद्यार्थी नाही.

हजेरीवर एकोणसाठ नावं आहेत. क्रमाने फोन करतो. ज्याचा नंबर नाही त्याच्या चाळीत जातो, चाळ पाडून टॉवर झाला असेल तर कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारतो. २०१२ च्या सोडतीत गिरणी कामगारांना मिळालेल्या घरांमध्ये दोघं सापडले, एक जण कणकवलीजवळ आंब्याची कलमं बांधताना. तो म्हणाला, "माझं काय छापणार?" आणि मग पाऊण तास थांबला नाही. कोणतं कलम कोणत्या साली लावलं, सगळं तोंडपाठ. मी वहीत लिहून घेतलं.

काल एकतिसावी सापडली, डोंबिवलीत. नवरा गिरणीत साचेवाला होता. संपाच्या पहिल्याच पावसाळ्यात तिने पोळीभाजीचे डबे सुरू केले, आठ डब्यांपासून. "मग पुढे?" मी विचारलं. "पुढे काय, अजून करते. चाळीस जातात. सून आहे आता हाताशी." आठ डब्यांचे चाळीस कसे झाले, गहू कुठून आणायची, उधारी कोणी बुडवली, कोणी दोन वर्षांनी घरी येऊन फेडली, ते तिने सांगितलं. मागे तव्यावर उलथन्याचा आवाज येत होता.

शेवटी तिने विचारलं, "नाव कोणतं घालणार?"

मी म्हटलं, दोन्ही.

ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पहिलं नीट लिहून घे हं, आमचे सर नेहमी चुकवायचे," आणि एकेक अक्षर सुटं करून तिने मला तिचं माहेरचं नाव सांगितलं.