मनगटावरचा उपग्रह

आमच्या भाच्याला पळायचंय. तीन महिने झाले, घड्याळ ठरत नाही. गार्मिन की कोरोस, जीपीएस एका बँडचा की दोन, बॅटरी वीस तासांची की चाळीस? पळायचं किती, तर वर्धा ते सेवाग्राम, जेमतेम आठ किलोमीटर.

एकदा मित्राचं घड्याळ बांधून गेला. घरी येऊन नकाशा पाहिला तर स्वारी नाल्यातून निघून कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून गेलेली. "मामा, सिग्नल भिंतीवर आपटून येतो ना, म्हणून." बरं बाप्पा! बांधावरून शेतात जाणारी बैलजोडी कधी अशी भरकटली नाही.

त्याच सेवाग्रामात, तेव्हाच्या शेगावात, 1936 साली गांधीजी राहायला आले. कमरेला साधं घड्याळ लटकलेलं, त्यात फक्त वेळ दिसायची. त्याआधी 1930 साली साबरमती ते दांडी, सुमारे 385 किलोमीटर, 24 दिवसांत पायी. पहिला उपग्रहच 1957 चा, त्यामुळे त्या चालीची निळी रेघ कुणाच्याच मोबाइलवर नाही. म्हणजे भाच्याच्या हिशेबी ती झालीच नाही.

आता घड्याळ दिवाळीच्या सेलमध्ये घ्यायचं ठरलंय.

"मग तोवर पळ ना!"

"नोंद नाही होणार, मामा. फुकट जाईल."