यंदा नक्की

नांदूर मध्यमेश्वर आमच्या नाशिकच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहे आणि गेली अकरा वर्षं आम्ही तिथे निघालो आहोत. ‘निघणं’ हे क्रियापद जुन्या स्वेटरसारखं किती सैल होऊ शकतं, ते मला या काळात कळलं. दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावर गेला की त्याच शिडीवरून माझी दुर्बीण खाली उतरते. मऊ धोतराच्या तुकड्याने तिची भिंगं पुसून मी समोरच्या इमारतीच्या टाकीवर नेम धरतो. तिथला कावळा, दरवर्षीचा गिऱ्हाईक ओळखावा तसा, माझ्याकडे बघून मान वळवतो. मग वही निघते. पहाटे पाचला घर सोडायचं, उजाडता उजाडता चापडगावचा मनोरा गाठायचा. थर्मास, कानटोप्या, शिवाय दशम्या की बाजरीची भाकरी हा सनातन वाद. निफाडची थंडी साधी नव्हे; द्राक्षबागांना हुडहुडी भरू नये म्हणून तिथे रात्री शेकोट्या पेटवतात.

वहीच्या मागच्या पानांवर पक्ष्यांची नावं आहेत आणि खरी सहल तिथेच होते. शेकाट्या, थापट्या, तुतवार, कमळपक्षी. नुसती मोठ्याने वाचली तरी पायाखाली चिखल पचपचतो. एकदा वाचता वाचता हिने मला थांबवलं. “अहो, हळदीकुंकू नावाचं बदक आहे आणि हे तुम्ही मला आज सांगताय?” चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी तांबडे ठिपके, म्हणून ते नाव, असं मी समजावलं. ती विचारात पडली. “मग संक्रांत ते रथसप्तमीत जायला नको. ते कुठेतरी वाण घ्यायला गेलेलं असायचं.” त्या बदकाचा मुक्काम इथे बारमाही असतो, हे सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण इतकी सुंदर अडचण सोडवून टाकायचा धीर झाला नाही.

वारकरी नावाचा पक्षी मात्र आषाढासाठी थांबत नाही. कपाळावर पांढरा टिळा लावून हे काळे वैष्णव ऐन हिवाळ्यात पाण्यावर दिंडी भरवतात. पट्टकदंब तर हिमालय ओलांडून येतो. ना वही, ना थर्मास, ना भाकरीचा वाद. आम्हाला द्वारका चौक ओलांडवत नाही.

पण मनाची समजूत घालायला ती जागाच मदतीला येते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाखाली दगडी बंधारा बांधला तो पाणी साठवून कालव्यांत सोडायला. नद्यांनी वर्षानुवर्षं त्यात गाळ आणून ओतला. खोली गेली, बेटं वर आली, पाणवनस्पती माजल्या. माणसाच्या वहीत जे खर्चाच्या बाजूला पडलं, ते बदकांनी जमेला धरलं. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. पक्ष्यांच्या या घराचा नकाशा कुणी काढलाच नव्हता.

आमच्या वहीतही असाच गाळ साचला आहे. एका पानावर लेकीचं बाळंतपण, एकावर टाळेबंदी, एकावर हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन. गेल्या हिवाळ्यात तर आम्ही पहाटे साडेचारला कानटोप्या चढवून खरोखर तयार होतो आणि अवकाळी पाऊस आला. थर्मासमधला चहा गॅलरीतच प्यायलो, दशम्या तिथेच संपवल्या. उजाडताना कठड्यावर साळुंक्यांची जोडी येऊन बसली. हिने वही ओढून घेतली आणि लिहिलं: ‘साळुंकी, दोन.’ अकरा वर्षांतली ती पहिली नोंद. संस्कृत कवींनी चक्रवाकाच्या जोडीला रोज रात्री नदीच्या दोन काठांवर ताटातूट करून रडवलं. मला वाटतं, बिचारे कवी पहाटे साडेचारला कधी उठले नसावेत.

दुर्बीण यंदाही खाली आली आहे. तुमच्यापैकी कुणी तिकडे जाऊन आलं असेल, तर मनोऱ्याला पायऱ्या किती आणि कठडा कोणत्या हाताला, एवढं कळवा. हिच्या गुडघ्यासाठी विचारतोय.