एक पंचमांश घोडा

पेडलने पाय ठेवू द्यावा आणि गप्प राहावे, एवढीच आमच्या पिढीची अपेक्षा होती. आता ते पायाचा हिशेब ठेवते. माझ्या सायकलला पॉवर मीटरचे पेडल आहे. त्याच्या आसात ताण मोजणारे इवलेसे संवेदक बसवलेले असतात. पाऊल दाबले की पोलादाचा आस डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो. पेडल तो वाक ओळखते, फिरण्याच्या वेगाशी त्याचा गुणाकार मांडते आणि उत्तर वॅटमध्ये हँडलवरच्या पडद्याला कळवते. तव्यावरच्या ज्वारीच्या लाह्यांसारखा तिथे आकडा उडत राहतो : 140, 163, 151.

पूर्णेच्या पुलावर पहाटेचा वारा पाठीशी असला की वेग वाढतो, आणि दहा वर्षे मागे टाकल्यासारखे वाटते. वेग मूळचाच गोडबोल्या. वॅटकडे मात्र वाऱ्याचा वशिला चालत नाही. परतताना तोच वारा छातीवर येतो, वेग ओशाळतो, आणि आकडा म्हणतो, तुम्ही जातानाही एवढेच होतात. म्हणून तर सराव करणारे याच्यावर विसंबतात. तासभर टिकवता येतील तेवढे वॅट, म्हणजे एफटीपी, एकदा ठरवायचे आणि पुढचा सगळा घाम त्याच्या टक्क्यांत मांडायचा.

‘दीडशे वॅट म्हंजे किती हो भाऊ?’ टपरीवाल्याने विचारले. केळीच्या पट्ट्यात ताकदीची भाषा एचपीची. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. तेव्हा मी जेमतेम एक पंचमांश घोडा भरलो. त्याने गाळणी आपटत हिशेब पुढे नेला : मळ्यातली पाच एचपीची मोटर बंद पडली, तर तुमच्यासारखे पंचवीस जण लागतील, आणि पंचवीस चहा. घरातला पंखा साधारण पंचाहत्तर वॅट खातो, म्हणजे मुक्ताईनगरच्या मे महिन्यात मी दोन पंख्यांएवढी ताकद घामावाटे काढतो, आणि वारा मात्र एकाचाही लागत नाही.

पेडल घरातले भांडणही बाहेर आणते. डावा पाय 47 टक्के, उजवा 53. जन्मभर जोडीने चाललेल्यांपैकी एकजण हळूच अंग चोरतो, हे कळल्यावर त्याला काय बोलावे? लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल आणून आम्ही कैची मारत असू, तेव्हा दोन्ही पाय सारखेच जिवावर उदार असत. मीटर एकच, दुकानदाराचे घड्याळ. दुसऱ्या तासाचे भाडे पडू नये म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत जे वॅट निघाले असतील, त्यांची नोंद असती तर आजच्या एफटीपीला तोंड लपवावे लागले असते.

पुढे तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव हे गाव आहे, आणि चांगदेवांचे जुने दगडी देऊळ. चौदाशे वर्षांच्या तपाचा आकडा घेऊन ते वाघावर बसून निघाले, आणि समोरून ज्ञानदेव-मुक्ताईसह चार भावंडे चक्क भिंतीवर बसून आली, अशी कथा आहे. त्या भिंतीला किती वॅट लागले, हे विचारायला मी धजत नाही. त्याआधी ज्ञानदेवांना मायना काय लिहावा, या पेचात चांगदेवांनी पत्र कोरेच धाडले होते. ते पाहून एवढीशी मुक्ताई म्हणाली, की इतकी वर्षे तप करून हा अजून कोराच!

निघण्याआधी माझे पेडलही एक अट घालते. दोन्ही पाय काढा, क्षणभर थांबा, मला शून्य ठरवू द्या. कालचे शिल्लक वजन विसरल्याखेरीज आजचे खरे वजन कळत नाही, असे त्याचे म्हणणे. चांगदेवांना जे ऐकायला चौदाशे वर्षे लागली, ते मला रोज सकाळी चार्ज केलेल्या बॅटरीवर ऐकायला मिळते. फरक इतकाच, की ते ऐकून चांगदेव मुक्ताईचे शिष्य झाले. मी मात्र पडद्यावर शून्य उमटताच घाईने पाय ठेवतो आणि कालच्यापेक्षा दोन वॅट जास्त निघतात का, ते पाहू लागतो.